कुंकू सांडतं कुठून?

पांढरा सदरा घालून कुंकू भरायच्या शेडमध्ये जाऊ नये, हे केमच्या माणसाला शिकवावं लागत नाही. काटा लाल, मोजायचा डबा लाल, सीलिंग मशीनचं पायडल लाल, आणि भरणाऱ्या बायकांची नखं तर कायमची रंगलेली. केम हे करमाळा तालुक्यातलं, पुणे–सोलापूर लोहमार्गावर जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या मधलं गाव. देऊळ म्हणाल तर उत्तरेश्वराचं, धंदा म्हणाल तर कुंकवाचा. एका अंगाला पंढरपूर, दुसऱ्या अंगाला तुळजापूर. अशा पट्ट्यात कुंकवाला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही, आणि केमचं कुंकू महाराष्ट्राची हद्द ओलांडून कधीच पुढे गेलंय.

मी कुंकवातला नाही. घरचा मसाल्याचा लहानसा उद्योग आहे, त्यामुळे पाकिटांशी मात्र रोजची गाठ. पिशवीच्या धंद्यात जे शब्द फिरतात ते कुणी एका ठिकाणी बसून सांगत नाही. एकेक शब्द नुकसान सोसून शिकावा लागतो. ते सगळे एकदा ओळीनं मांडून बघावेत असं वाटलं, तेव्हा मसाला बाजूला ठेवून कुंकूच समोर घेतलं. पिशवीचा सगळ्यात कडक परीक्षक तेच आहे. तांदळाच्या पिशवीला टाचणीएवढं भोक पडलं तर दाणा बाहेर येत नाही. पीठ चिमूटभर सांडलं तर लोक झटकून टाकतात. कुंकवाच्या खोक्यात एक पाकीट गळलं की शेजारची सगळी रंगतात, आणि रंगलेलं पाकीट दुकानदार घेत नाही.

आपल्याकडे पिशवीला शब्दांची कधीच वाण नव्हती. पानसुपारीची चंची, पैशांचा कसा, औषधांचा बटवा, खांद्यावरची पडशी, धान्याचं पोतं, त्याहून लहान कट्टा, सोलापूरकडचं ठिकं, बैलावर लादायची गोणी. यातली गोणी तर इंग्रजांनी उचलून नेली. त्यांचा ‘गनी’ हा शब्द इथलाच. व्यापाऱ्यांचं ‘बारदान’ फारसीतून आलं, आणि आजही आडतीत पोत्याच्या कापडाला, रिकाम्या पोत्याला आणि वजनातून वजा करायच्या पोत्याच्या भाराला हा एकच शब्द चालतो. या जुन्या शब्दांची गंमत अशी की पिशवी कशाची केली यापेक्षा आत काय आहे, हे ते आधी सांगतात. चंची म्हटलं की पान आलंच. कुंकवाला तर पिशवीच नव्हती. घरात करंडा किंवा कोयरी, आणि बाजारातून आणायची ती पुडी. पुडी हे मापही नव्हे आणि वस्तूही नव्हे, ती कागदाची घडी. चौकोनी कागदाला विशिष्ट पद्धतीनं दुमडून शेवटचा कोपरा खोचला की दोरासुद्धा लागत नाही.

प्लास्टिक आलं तेव्हा लोकांनी त्यालाही जुन्याच नावांत बसवलं. शेततळ्याच्या तळाशी अंथरायचा ५०० मायक्रॉनचा जाड प्लास्टिकचा पडदा आमच्या जिल्ह्यात ‘कागद’ म्हणूनच मागतात. ‘तळ्याला कागद टाकला का?’ हा प्रश्न ज्याला विचित्र वाटेल तो सोलापूरचा नव्हे. दोन कानांची बाजारपिशवी स्वीडनमधल्या सेलोप्लास्ट कंपनीच्या स्टेन थुलिन या अभियंत्यानं घडवली, १९६५ मध्ये तिचं पेटंट झालं. पिशवी सपाट अंथरली की बिनबाह्यांच्या अंगरख्यासारखी दिसते म्हणून इंग्रजीत तिला टी-शर्ट बॅग म्हणतात. आपल्या बाजारानं तिच्यात तान्ह्या बाळाचं झबलं पाहिलं. होलसेलच्या दुकानात अजूनही ‘झबला किती किलो देऊ?’ असंच विचारतात. पाठ्यपुस्तकातला ‘डब्ल्यू-कट’ हा शब्द तिथे नंतर पोचला. मूठ घालायला नुसतं लांबट भोक पाडलेली ती ‘डी-कट’.

कारखान्याच्या आतलं पहिलं नाव मात्र शेतातलंच आहे: दाणा. प्लास्टिकचा कच्चा माल साबुदाण्यासारखा येतो, पंचवीस किलोच्या पोत्यात, आणि त्याला सगळे दाणाच म्हणतात. नवा तो व्हर्जिन, जुन्या प्लास्टिकचा वितळवून केलेला तो रिप्रो. दाणा गरम करून गोल फटीतून वर ओढतात आणि आत हवा भरतात. छतापर्यंत उंच फुगा उभा राहतो, वर रोलरमध्ये चपटा होऊन गुंडाळला जातो. या फुग्यातून आलेली अखंड नळी म्हणजे ट्यूबिंग. एक बाजू कापून उघडली की शीट.

दाण्याच्या जाती पुष्कळ असल्या तरी पिशवी घेणाऱ्याला तीन ओळखता आल्या तरी पुरे, आणि त्या हातानं ओळखता येतात. एलडी मऊ असते. अंगठा रेटला की फाटण्याआधी ताणत जाते आणि पांढुरकी होते. एचएम करकरते, डोळे मिटूनही कळते. भाजीवाल्याची पातळ पिशवी ती. पीपी काचेसारखी स्वच्छ आणि कडक, नव्या शर्टाचं वेष्टन असतं तशी. एकदा चीर गेली की सरळ टोकापर्यंत जाते. तिलाच दोन्ही दिशांनी ताणून केलेली फिल्म म्हणजे बीओपीपी, बोलण्यात नुसतं ‘बीओ’. कुंकवासाठी कोणती? दुकानदार पीपीकडे बोट दाखवतात, कारण लाल रंग तिच्यातून झळकतो. भरणारे एलडी मागतात, कारण तिचं तोंड नीट चिकटतं आणि खोक्यात घासली तरी तडकत नाही. दोघांचंही बरोबर आहे, म्हणून दोन्ही एकावर एक चिकटवायची युक्ती निघाली. तिच्याकडे पुढे येतोच.

आधी जाडी. या धंद्यातला निम्मा घोळ जाडीच्या मापात आहे. दुकानदार गेजमध्ये बोलतो, सरकार मायक्रॉनमध्ये, छपाईवाला जीएसएममध्ये, आणि पैसे किलोवर ठरतात. गेज हे इंचाच्या जमान्यातलं माप. १०० गेज म्हणजे साधारण २५ मायक्रॉन, २०० गेज म्हणजे ५०. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर फिल्मचं ग्रॅममधलं वजन, आणि ते काढायला मायक्रॉनला घनतेनं गुणायचं. एलडीची घनता ०.९२ आहे, म्हणून ५० मायक्रॉनची एलडी ४६ जीएसएम भरते. पाण्याच्या बाटलीचं जे प्लास्टिक, त्या पेटची घनता १.४, तेवढ्याच जाडीची पेट फिल्म ७० जीएसएम होते. म्हणजे दोन माल समोर ठेवून ‘याचा जीएसएम जास्त, हा जाड’ असं कुणी म्हणालं तर त्याला दाणा कोणता ते विचारावं.

एलडीच्या पिशवीसाठी एक हिशेब पाठ असावा. इंचातली लांबी गुणिले रुंदी गुणिले गेज, भागिले ३३००: हजार पिशव्यांचं वजन किलोत मिळतं. चार बाय सहाची २०० गेजची पिशवी घ्या. ४ × ६ × २०० म्हणजे ४८००, भागिले ३३००, साधारण १.४५ किलो. किलोत सुमारे ६९० पिशव्या बसायला हव्यात. आता किलोला ७६० निघाल्या तर गेज १८० च्या आसपास आहे. ६३० निघाल्या तर जाडी २२० कडे गेलेली आहे. काटा आणि मोजणी एवढ्यावर हे कळतं, त्याला यंत्र लागत नाही.

किलोवर घेतलं तर विकणाऱ्याचा कल जाड पिशवीकडे असतो: वजन वाढतं, नग कमी बसतात, आणि तुमची हजार पाकिटं भरायला दीड किलोऐवजी पावणेदोन किलो माल लागतो. नगावर घेतलं की कल लगेच पातळकडे वळतो. तेव्हा ‘किलोनं की नगानं’ हा प्रश्न नुसता सोयीचा नाही. फसवणूक झालीच तर कुठल्या बाजूनं होईल, ते त्यात ठरतं. वर ‘अधिक-उणे दहा टक्के’ ही सवलत बाजारात गृहीत धरलेली असते, आणि ती बहुधा एकाच बाजूला वापरली जाते.

माप म्हटलं की आमचीच एक गोष्ट. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर मसाल्यासाठी छापील पाकिटं मागवली, फोनवर ‘सात बाय पाच’ म्हणून. धंद्याचा रिवाज असा की आधी तोंडाची रुंदी सांगायची, मग लांबी. मी लांबी आधी सांगितली, समोरच्यानं रिवाजानं लिहून घेतली. पाकिटं आली ती आडवी. तोंड सात इंच, खोली पाच, आणि छपाईतला आमचा मिरचीचा घोस तोंडाच्या कडेला आडवा झोपलेला. चूक निम्मी माझी, पण भुर्दंड पूर्ण माझा. त्यानंतर ऑर्डर देताना मी कागदावर पिशवी काढतो आणि तोंडाच्या कडेवर ‘तोंड’ असं लिहितो. हसणारे हसतात.

हे तोंड सोडलं तर पिशवीच्या बाकीच्या कडांना शिवण म्हणत नाहीत, सील म्हणतात. पण काम शिवणीचंच. कुंकू सांडतं ते ऐंशी टक्के फिल्ममधून नाही, सीलमधून, असं म्हणायला हरकत नाही. टक्केवारी माझ्या अंदाजाची, पण शेडमध्ये कुणालाही विचारा. ट्यूबिंगला फक्त खाली एक पट्टी मारली की ती बॉटम सील पिशवी. तिच्या बाजू अखंड असतात. शीट दुमडून दोन्ही बाजूंना गरम पात्यानं कापतच चिकटवली की ती साइड सील. साइड सीलची रेघ दोऱ्याएवढी बारीक असते. शर्टाला ती चालते, पुडीला नाही. कुंकवाला बॉटम सील मागावी, आणि सीलची रुंदी निदान पाच-सहा मिलिमीटर ठेवायला सांगावी. दोन्ही बाजूंनी आत घडी घातलेली पिशवी म्हणजे गसेटची. भरली की विटेसारखी चौकोनी होते, खोक्यात छान बसते. पण गसेटच्या घडीशी सीलमध्ये चार पदर येतात आणि मध्ये दोनच. चारांच्या आणि दोनांच्या सांध्यावर नखाएवढी पोकळी राहू शकते. खोक्याच्या तळाशी लाल ठिपके दिसले की मी आधी तो कोपरा बघतो.

दुसरं कारण पुडीच्या स्वभावात आहे. बारीक पूड वरून सोडली की उडते, आणि प्लास्टिकवर घर्षणानं वीज साठलेली असते; उडालेली पूड पिशवीच्या तोंडाच्या आतल्या बाजूला जाऊन चिकटते. नेमकं जिथे सील बसायचं तिथेच. सोलापूरच्या कोरड्या हवेत हे जास्त होतं, पावसाळ्यात थोडं कमी. वर गरम पट्टी दाबली की दोन पदरांच्या मध्ये कुंकवाचा थर सापडतो. वरून सील झालेलं दिसतं, आणि खोकं चार वेळा आपटलं की तिथूनच वाट पडते. शेडमधल्या बायका यावर जे करतात ते कुठल्याही मॅन्युअलपेक्षा सरस आहे: पिशवीच्या तोंडात पत्र्याचं लांब नळीचं नरसाळं खोल घालायचं, भरून झालं की नरसाळ्याला टिचकी मारायची, मग ते सरळ वर काढायचं. तोंडाची वरची दोन बोटं जागा कोरी राहते. या कोऱ्या जागेला इंग्रजीत हेडस्पेस म्हणतात, आणि पैसे वाचवायला पिशवी अर्धा इंच छोटी करणारे आधी तिच्यावरच कात्री चालवतात.

मोठं काम असलं की मशीन येतं आणि त्याच्याबरोबर शब्दांचं वऱ्हाड. रोलवरची सपाट फिल्म धातूच्या गळपट्ट्यावरून जाऊन गोल होते. तो कॉलर. पाठीमागे उभी रेघ चिकटते, ती सेंटर सील. वरखाली दाबणारे दोन गरम जबडे म्हणजे जॉ, त्यांच्या अंगावरच्या बारीक खाचा पदरांना एकमेकांत दाबतात. फिल्मच्या कडेवर छापलेला छोटा काळा चौकोन आय-मार्क. तो बघून मशीनचा डोळा ठरवतो की इथे कापायचं. आय-मार्क फिका छापला गेला तर छापलेल्या देवीचं डोकं एका पाकिटावर आणि पाय दुसऱ्यावर. उशीसारखं होतं ते पिलो पाउच, तीन कडा चिकटवलेलं ते थ्री साइड, तळाला घडी देऊन उभं राहतं ते स्टँड-अप. यातलं उभं पाउच काउंटरवर ऐटीत दिसतं, पण पुडीला त्याच्या तळाचे सांधे गसेटइतकेच कुरकुरे.

तांदूळ-डाळ कपानं मोजतात, पूड मोजायला ऑगर लागतो. ऑगर म्हणजे नळीत फिरणारं मळसूत्री पातं; तो ठराविक फेऱ्यांत ठराविक आकारमान खाली ढकलतो. आकारमान, वजन नव्हे. नुकतंच दळून-चाळून आणलेलं कुंकू हवेनं फुगलेलं असतं, तेवढ्याच फेऱ्यांत कमी वजन पडतं. रात्रभर बसलेलं कुंकू जास्त पडतं. म्हणून सकाळची पहिली वीस पाकिटं काट्यावर घातल्याशिवाय चांगला ऑपरेटर पुढे जात नाही.

आता ती एकावर एक चिकटवायची युक्ती, लॅमिनेशन. बाहेर १२ मायक्रॉनची पेट: चमक, छपाई, कडकपणा. आत ४० किंवा ५० मायक्रॉनची पॉली, म्हणजे एलडी: सील आणि लवचीकपणा. मध्ये शाई आणि गोंद. बाजारात हे ‘पेट-पॉली’ म्हणून मिळतं. छपाई पेटच्या आतल्या बाजूला उलटी करतात, ती रिव्हर्स प्रिंट. शाई दोन थरांच्या मध्ये अडकते, खरवडली तरी निघत नाही. साध्या एलडीवर बाहेरून छापलेलं नाव आणि सांडलेलं कुंकू यांची खोक्यात घसट होऊन जे होतं ते ज्यानं पाहिलंय त्याला रिव्हर्स प्रिंटची किंमत सांगावी लागत नाही. दोन थरांच्या मध्ये चांदीसारखा अॅल्युमिनियमचा अतिसूक्ष्म मुलामा असला की ‘मेट-पेट-पॉली’. खरा अॅल्युमिनियमचा पत्रा, साधारण ९ मायक्रॉनचा, असला की फॉइल.

कशाला किती थर, हे आतल्या मालाला कशाची भीती आहे त्यावर ठरतं. इथे सोलापूर जिल्हा फार चांगलं प्रदर्शन मांडतो. शेंगाचटणीला हवेची भीती: दाण्याच्या तेलाला प्राणवायू लागला की ती खवट होते, आणि नुसती एलडी ओल अडवते पण प्राणवायू सहज आत सोडते. म्हणून साध्या पिशवीतली चटणी आठ-पंधरा दिवसांत वास मारू लागते, मेट-पेटमधली टिकते. हळदीला उन्हाची भीती. दुकानाच्या दर्शनी बाजूला टांगलेली पारदर्शक हळद फिकी पडते. कुंकवाला मुख्य भीती ओलीची, गठ्ठे होतात. करमाळा तालुक्यातल्याच कंदरच्या केळीची तऱ्हाच निराळी. शेतात घडाला दोन्ही तोंडं उघडी असलेली पिशवी घालतात, डाग पडू नयेत म्हणून. निर्यातीच्या खोक्यात आत पिशवी लावून तिच्यातली हवा ओढून घेतात, केळं पिकायला उशीर व्हावा म्हणून. एकाच तालुक्यात एक पिशवी श्वास घ्यायला देते आणि दुसरी श्वास कोंडते. कुंकवासाठी फॉइलपर्यंत जाणं म्हणजे करंड्याला बँकेचं लॉकर. काही जण जातात, चकाकीसाठी. आपलं काय जातं.

ठोक माल पिशवीत जात नाही, गोणीत जातो. पंचवीस-पन्नास किलोचं कुंकू विणलेल्या पीपीच्या पोत्यात भरतात आणि आत एलडीची सैल पिशवी असते, ती लायनर. विणलेल्या पोत्याची भाषा पुन्हा वेगळी, निम्मी यंत्रमागाची. सोलापुरात ती कानाला परकी वाटत नाही. पट्टीचा जाडेपणा डेनियरमध्ये: ९००० मीटर पट्टीचं वजन जितके ग्रॅम तितके डेनियर. विणीची दाटी मेशमध्ये: दहा बाय दहा म्हणजे इंचात उभ्या दहा, आडव्या दहा पट्ट्या. लायनर नसलेल्या गोणीत कुंकू भरलं तर विणीच्या प्रत्येक चौकोनातून श्वास सोडल्यासारखी लाल धूळ येते. गोणीचं तोंड पूर्वी दाभण आणि सुतळीनं शिवत, आता हातातल्या मशीननं साखळी टाका घालतात. त्या टाक्याचं बरोबर टोक सापडलं तर एका ओढीत सर्रकन सगळी शिवण सुटते. चुकीचं सापडलं तर चाकू आणा.

ताग मात्र हद्दपार झालेला नाही. १९८७ च्या ताग आवेष्टन कायद्यानं धान्य आणि साखर तागाच्या पोत्यात भरण्याची सक्ती आणली. साखरेच्या बाबतीत ती पातळ होत होत सध्या वीस टक्क्यांवर आहे. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात बाकीचा सगळा माल पांढऱ्या पीपीच्या पन्नास किलोच्या पोत्यांतून निघतो, पण उत्पादनाचे आकडे अजून क्विंटल पोत्यांतच मोजतात. युरियाची पिशवी २०१८ पासून पन्नासाची पंचेचाळीस किलोची झाली. शेतकरी अजून तिला ‘पन्नासाची’ म्हणतात.

सरकारी शब्दांकडे वळताना एक गोष्ट आधी नक्की करावी, कारण भले भले तिथे घसरतात. कॅरीबॅग म्हणजे माल वाहून न्यायला दिलेली पिशवी. ज्या वेष्टनात माल विकण्याआधीच बंद केलेला असतो, ते कॅरीबॅग नव्हे. हा भेद नियमातच आहे. वर्तमानपत्रात ‘१२० मायक्रॉन’ छापून येतं ते कॅरीबॅगबद्दल. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरानंतर महाराष्ट्रानं २००६ मध्ये पन्नास मायक्रॉनची अट आणली, तेव्हा केंद्राची मर्यादा वीस होती. केंद्र २०११ मध्ये चाळीसवर, २०१६ मध्ये पन्नासवर आलं. मग ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. मधल्या काळात, २३ मार्च २०१८ ला राज्यानं कॅरीबॅगवर सरसकट बंदीच घातली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. १२० ची अट आली तेव्हा पंचवीस-तीस मायक्रॉनच्या बीओमध्ये माल भरणारे लहान उद्योजक विनाकारण हादरले होते. ‘आता कुंकवाला ४८० गेजची पिशवी कुठून आणायची?’ असा प्रश्न मी कानांनी ऐकलाय. उत्तर होतं: आणायची नाही, ती कॅरीबॅग नाहीच.

पण वेष्टनाला सूट म्हणजे मोकळीक नव्हे. त्याच्यासाठी ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ हा लांबलचक शब्द आहे. अर्थ एवढाच की बाजारात जितकं प्लास्टिक सोडलं तितकं परत गोळा करायची जबाबदारी तुमची. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत वेष्टनांचे चार वर्ग पाडलेत: डबे-बाटल्यांसारखी कडक, पिशव्या-पाउचसारखी लवचीक, प्लास्टिकबरोबर दुसऱ्या पदार्थाचा थर असलेली बहुस्तरीय, आणि कंपोस्ट होणारी. एलडीची पिशवी आणि पेट-पॉली दुसऱ्यात बसतात, कारण दोन्ही थर प्लास्टिकच. फॉइल आली की तिसऱ्यात. चकाकीची हौस कागदोपत्रीही महाग पडते ती अशी. आणि चौथ्या वर्गातल्या ‘कंपोस्टेबल’ची ‘बायोडिग्रेडेबल’शी गल्लत करू नये. पहिल्याला ठरलेली चाचणी आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. नुसतं हिरवं पान छापलेल्या पिशवीला त्यातलं काहीच नसतं.

वैध मापन खात्याला पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, तक्रारीचा संपर्क लागतो. आता एका ग्रॅमचा भावही. दहा ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाच्या पाकिटाला या २०११ च्या नियमांतून सूट आहे. देवळाबाहेर मिळणाऱ्या पुड्या इवल्याशा का असतात, याला भक्तांच्या ऐपतीशिवाय हेही एक कारण असू शकेल. आणि कराची एक गंमत: कुंकवावर जीएसटी शून्य, प्लास्टिकच्या पिशवीवर अठरा टक्के. इतर धंद्यांत वेष्टनावर भरलेला कर विक्रीच्या करातून वळता करता येतो. इथे विक्रीवर करच नाही, मग वळता कुठे करणार? कुंकू करमुक्त झाल्याचा आनंद पिशवीच्या बिलात थोडा थोडा फिटत राहतो.

पिशवी रिकामी झाल्यावर तिचे शब्द पुन्हा बदलतात आणि फार कमी होतात. भंगारवाल्याच्या लेखी दोनच जाती. दुधाची रिकामी पिशवी, लायनर, जुनी गोणी ही चालणारी: एक जात, एक दाणा, वितळते. वेफर्सच्या पाकिटासारखं चुरचुर वाजणारं, दोन-तीन जातींचे थर चिकटवलेलं ते न चालणारं. ते कुणी उचलत नाही, रस्त्याकडेला चकाकत राहतं. छपाईवाला ज्या थरांचे जास्त पैसे घेतो, नेमके त्यांचेच भंगारात शून्य. सगळे थर एकाच जातीचे ठेवायचे, म्हणजे पीपीवर पीपी किंवा पॉलीवर पॉली, हा यावरचा उपाय बाजारात येतोय, ‘मोनो-मटेरियल’ नावानं. कुंकवासारख्या मालाला प्राणवायूची भीती नाही, तेव्हा त्याला हे सहज झेपेल. झपाट्यानं बदल झाला नाही तर त्याचं कारण चमक हेच असेल.

कुंकवाच्या पाकिटाची आणखी एक अडचण भंगारात बसत नाही. त्यावर देवी असते, विठोबा असतो. असं पाकीट कचऱ्यात टाकायला हात धजत नाही. ते मग तुळशीच्या कुंडीमागे, पिंपळाच्या पारावर किंवा नदीच्या घाटावर सापडतं, आणि कुठल्याच वर्गात मोजलं जात नाही. नुसतं नाव आणि एक कमळ छापलं असतं तरी काम झालं असतं.

परवा घरात पेट-पॉलीचं छान उभं पाउच आलं, झिप लॉक असलेलं. फाडायची खाच झिपच्या दोन मिलिमीटर खाली गेलेली, त्यामुळे फाडताना झिपच निघून आली. आईनं करंडा भरून घेतला. उरलेल्या पाउचचं तोंड तिनं तीन वेळा खाली दुमडलं, दोन्ही कान मागे घेतले आणि कोपरा घडीत खोचला.

‘पुडी देवघरात ठेव,’ म्हणाली.

बोटं तेवढी लाल झाली होती.